नव्या डोळ्याची निवड

निवडीच्या दिवशी नाना आंघोळ करून बाहेर आले ते उजव्या डोळ्यावर रुमाल बांधूनच. थोरल्या सुनेने चहाचा कप पुढे केला, रुमालाकडे पाहिलं आणि मनाशी म्हणाली, झालं! आज भांडण होणार, आणि या घरातली माणसं पाहता ते आपल्यालाच करावं लागणार.

उजवा म्हणजे नवा डोळा. मोतीबिंदू काढून महिना उलटला होता. ऑपरेशन इतकं छान झालं होतं की समोरच्या दवाखान्याची पाटी नाना आता चष्म्याशिवाय वाचत आणि तिच्यातल्या चुका काढत. डाव्या डोळ्याची पाळी पुढच्या महिन्यात होती. पण हल्ली नानांनी वेगळंच खूळ काढलं होतं. "डॉक्टरनं डोळ्यात निळी काच बसवलीय," ते येईल त्याला सांगत. "सगळं घर धुण्याच्या निळीत बुचकळून काढल्यासारखं दिसतं. फुकट गेला डोळा." आणि ज्या दिवशी डोळ्यांचं खरं काम, त्याच दिवशी त्यांनी तो रुमालाखाली डांबून ठेवला होता.

निवडीइतकी मोठी गोष्ट या घरात दुसरी नव्हती. घराच्या मागच्या अंगाला जाळीघर होतं, नानांच्या वडिलांनी उभं केलेलं. आत फिंच पाखरं. चिमणीहून लहान, लाल चोचीची, रबरी खेळणं दाबल्यासारखी दिवसभर टीं टीं करणारी. नव्या जोड्या लावण्याआधी एक दिवस ठरायचा. दिवाणखान्यात उत्तरेच्या खिडकीशी खुर्ची मांडायची, एकेक पाखरू काचेच्या लहान पेटीत घालून नानांसमोर धरायचं. नाना बघायचे आणि एकच शब्द बोलायचे, 'राहील' किंवा 'जाईल'. राहील ते परत जाळीघरात. जाईल ते पाखरांच्या दुकानदाराच्या टोपलीत. या शब्दावर आजवर कोणी ब्रसुद्धा काढला नव्हता. काढणार कोण? याच निवडीतून नानांनी आपला 'साय' रंग घडवला होता. दुधावर धरलेल्या सायीचा फिका पिवळट रंग, पाठीपासून शेपटीपर्यंत सारखा. लांबून लांबून पाखरं पाळणारे लोक तो बघायला यायचे आणि बाजारात या घराला सगळे सायवाले म्हणायचे.

आणि त्याच जाळीघराच्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात थोरलीची जोडी होती. साध्या करड्या आईबापांच्या पोटी दोन वेगळीच पिल्लं निघाली होती. अंगावर करड्याऐवजी जांभळट धुरासारखी छटा. थोरली त्यांना जांभळी म्हणे. नाना म्हणत मळकी. हा रंग असा चोर, की आई आणि बाप दोघांच्याही पोटात असेल तरच पिल्लावर उतरतो. आईबाप हिवाळ्यात गेले. उरली ती ही नरमादी. ही दुकानात जाऊन साध्या पाखरांत मिसळली, की रंग बुडाला, पुन्हा दिसायचा नाही. आणि नानांनी कालच रात्री जेवताना सांगून टाकलं होतं, "ती मळकी जोडी यंदा काढा. जागा अडवून बसलीय."

थोरली रंगाच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाईक खिशातून बटण काढून देई, कोणी उशीचा अभ्रा आणी, आणि ती त्याच्याशी जुळणारा रंग डब्यात घोटून देई. पांढऱ्यात जांभळ्याचा एक थेंब पडलाय की दोन, हे तिला डबा न हलवता कळे. मळका आणि जांभळा यांतला फरक तिला कोणी शिकवायला नको होता.

चहाचे कप विसळता विसळता तिने आधी नवऱ्याला गाठलं. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. दहाव्या मजल्यावर दोराला लोंबकळताना ज्याचा हात कापत नसे, त्याची नानांसमोर मात्र बोबडी वळायची.

"अहो, आपली जोडी काय रंगाची आहे?"

"जांभळीच की."

"मग नानांना सांगाल?"

दादाने टॉवेल झटकला. "अगं, आज नको. आज निवड आहे."

"आज निवड आहे म्हणूनच सांगायचं ना! उद्या काय रिकाम्या पिंजऱ्याला सांगू?"

"बघू," तो म्हणाला. या घरात 'बघू' म्हणजे काय, हे थोरलीला लग्नानंतर आठवड्याभरातच समजलं होतं.

मग धाकटा दीर आला. याचा फोटोचा स्टुडिओ होता आणि हा नानांचा उजवा हात. पेटी धरायचा मान याचा. नाना 'हं' म्हणाले की हा 'वा!' म्हणायचा. तो स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, मी सांगतो तसं कर. जोडी उचल आणि माळ्यावर ठेव. दुकानदार गेला की बघू."

"चोरून ठेवू?"

"लपवून."

"भाऊजी, माळ्यावर लपवलेल्या पाखराचा रंग उद्या कोण मानेल? उद्या पिल्लं झाली तर तीही माळ्यावर वाढवू का? माझी पाखरं जाळीघरातच राहतील, आणि नानांच्या तोंडून 'राहील' ऐकून राहतील."

"तुझ्या हिमतीची कमाल आहे," धाकटा म्हणाला. "पण मला मध्ये घेऊ नको हं."

"तुम्ही मध्येच उभे आहात. पेटी तुमच्याच हातात असते."

धाकटा तसाच बाहेर सटकला. कारण तो बोलला असता तर बरंच बोलावं लागलं असतं, आणि ते थोरलीला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

नणंद आली तीच मुळी तणतणत. ताई पोस्टात अधिकारी होती आणि घरीही खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलावं तशीच बोलायची. नानांचं ऑपरेशन तिने ठरवलं होतं, डॉक्टर तिने निवडला होता, दवाखान्यात रात्रीचा डबा घेऊन तीच बसली होती. रुमाल पाहिल्याबरोबर तिचं डोकं फिरलं.

"नाना, हे काय सोंग?"

"सोंग नाही. नवा डोळा खोटं दाखवतो. निवड मी जुन्या डोळ्यानं करणार."

"शहरातला सगळ्यांत चांगला डॉक्टर आहे तो!"

"असेल. त्यानं माझ्याकडं फिंच पाळायला येऊ नये, एवढंच."

ताई पाय आपटत आत आली आणि थोरलीच्या शेजारी उभी राहिली. एरवी या दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. साध्या चादरीच्या घडीवरून आठवडा आठवडा अबोला. पण आज थोरलीने हातातलं फडकं बाजूला ठेवलं आणि सरळ विचारलं, "ताई, डोळा निळं दाखवतो, यावर डॉक्टर काय म्हणाले होते?"

"काय म्हणणार? म्हणाले, इतकी वर्षं पिवळ्या काचेतून बघत होते, ती काच काढली. आता सगळं आहे तसं दिसेल, सवय होईपर्यंत निळसर वाटेल. नानांच्या समोरच म्हणाले."

"हे आज सगळ्यांसमोर सांगाल?"

ताईने तिच्याकडे नीट बघितलं. ही बाई त्या मळक्या जोडीसाठी आपल्याला वापरतेय, हे काय तिला कळत नव्हतं? पण डॉक्टरच्या अब्रूचा प्रश्न होता, म्हणजे पर्यायाने तिच्या स्वतःच्या. "सांगेन," ती म्हणाली. "पण चादरी तू नीट घडी करत नाहीस, ते वेगळं."

निवड सुरू झाली. नाना खुर्चीत, धाकटा पेटी घेऊन समोर, दादा जाळीघरातून पाखरं आणायला. सासूबाई, ज्यांना सगळे आई म्हणत, कोपऱ्यात समुद्रफेसाचे तुकडे करत बसल्या होत्या. पाखरांच्या चोचीसाठी लागतो तो. ताई दाराला टेकून. थोरली खिडकीशी.

"राहील," नाना म्हणाले. पुढचं आलं. "राहील. मान बघा कशी धरलीय. हं, हे जाईल, करपलंय."

करपलं म्हणजे गडद साय. थोरलीने त्या पाखराकडे पाहिलं आणि तिला हळहळ वाटली. दाट, उबदार, खरी साय होती ती. दरवर्षी अशी पाखरं 'करपली' म्हणून टोपलीत जात. आणि 'राहील' म्हणून जी मागे राहत होती, ती दरवर्षी फिकट, अजून फिकट होत चालली होती. पिवळ्या काचेतून पांढरं पाखरू सायीचं दिसत होतं आणि सायीचं पाखरू करपलेलं. नाना स्वतःच्या हातांनी स्वतःचा रंग घराबाहेर काढत होते. हे घरातल्या सगळ्यांना दिसत होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. धाकटा तर लोकांना दाखवायच्या फोटोंत पिवळा रंग वाढवत असे, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यालाही खटकू नये.

"पुढचं," नाना म्हणाले.

दादाने जांभळी जोडी आणली. आणताना बायकोकडे बघायचं त्याने टाळलं. पेटीत दोघं एकमेकांना चिकटून बसली. खिडकीतला उजेड पाठीवर पडला आणि ती धुरकट जांभळी छटा अशी उमटली, की ताईच्या तोंडून "अगंबाई!" निघून गेलं. तिने ती जवळून कधी पाहिलीच नव्हती.

नानांनी डावा डोळा बारीक केला. "मळकी. जा..."

"थांबा नाना," थोरली म्हणाली.

निवडीत शब्द तोडायचा नसतो, हे तान्ह्या पोरालाही माहीत होतं.

"काय झालं, सूनबाई?"

"तो शब्द पुरा करायच्या आधी दुसऱ्या डोळ्यानं बघा. बघून जाईल म्हणालात तर मी स्वतः टोपलीत घालीन. पुन्हा नाव काढणार नाही."

"दुसरा डोळा खोटा आहे."

"खोटा नाही!" ताई दारातून गरजली. "डॉक्टर तुमच्या तोंडावर म्हणालेत. पिवळी काच काढली, आता दिसतंय ते खरं."

"तू गप. तुला पाखरातलं काय कळतं?"

"पाखरातलं नाही कळत. डोळ्याचे कागद मीच सही करून आणलेत, तेवढं कळतं."

नाना हसले, पण ते हसू नुसतं ओठांवर होतं. "म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलंय तर. अरे, साठ वर्षं या खिडकीत बसून पाखरं निवडतोय मी. माझ्या नजरेवर हे घर उभं आहे. ही कालची आलेली पोर मला रंग शिकवणार?"

कालची! लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. एरवी थोरलीने तिथेच उत्तर दिलं असतं. पण तिने नानांच्या खुर्चीच्या हातावरचा हात पाहिला. तो घट्ट आवळलेला होता, आणि तिला एकदम कळलं की म्हातारा रागावलेला नाही, घाबरलाय. रुमालाखालच्या डोळ्याने त्याने आपली साय आधीच पाहिली होती. चोरून, एकट्याने, केव्हातरी पहाटे. आणि जे दिसलं ते पुन्हा दिसू नये म्हणून त्याने डोळाच बांधून टाकला होता. तिला आता मागे फिरावं असं क्षणभर वाटलं. पण मागे फिरून काय होणार होतं? जोडी जाणार आणि साय तर आधीच चालली होती.

"नाना," ती मऊ आवाजात म्हणाली, "ही भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"कसली भिंत?"

"तुमच्या मागची. तीन वर्षांपूर्वी मीच रंग घोटून आणला होता. तुम्हाला सायीचा हवा होता. मी आणला तर म्हणालात, पिवळा जास्त झाला. कमी केला. म्हणालात, अजून कमी कर. शेवटी पिवळा नावालाही राहिला नाही, तेव्हा म्हणालात, आता जमली साय. आणि आता महिनाभर त्याच भिंतीला निळी निळी म्हणताय."

नाना वळून बघत नव्हते. थोरलीने सगळ्यांकडे पाहिलं. "सांगा ना कोणीतरी. भिंत कुठली आहे?"

दादाने जमिनीकडे पाहिलं. धाकट्याने पेटीकडे. दोघांनी जणू मिठाची गुळणी धरली होती.

"पांढरी," आई म्हणाल्या.

समुद्रफेसाचा तुकडा ताटलीत ठेवून त्यांनी हात झटकले. "पांढरी फेक आहे. पहिल्या दिवसापासून."

"तू कधी बोलली नाहीस," नाना म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत? 'जमली की नाही?' असं विचारत होता. त्याला 'जमली' हेच उत्तर असतं."

ताईला हसू आलं, ते तिने पदरात दाबलं. मग धाकटा बोलला. "नाना, तुमचा लाडका नर, तो सरदारसुद्धा पांढरा आहे. फोटोत मी पिवळा वाढवायचो. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"आणि लोकांना?"

"लोकांना... लोक आपल्याकडे यायचे, ते फोटो बघून नाही ना यायचे, नाव ऐकून यायचे."

दादाही घसा खाकरून म्हणाला, "मलाही दिसत होतं." लिफ्टवाल्याने शेवटी पाय जमिनीवर टेकवला.

जाळीघरातून टीं टीं ऐकू येत होती. मग त्यांनी डोक्यामागे हात नेऊन रुमालाची गाठ सोडली. नवा डोळा उजेडात आला, ओला आणि स्वच्छ. त्यांनी पेटी धाकट्याच्या हातातून स्वतःकडे घेतली, मांडीवर ठेवली आणि खाली वाकले.

थोरली एवढी छाती ठोकून बोलली खरी, पण म्हाताऱ्याने हट्टाला पेटून तो एक शब्द पुरा केला असता तर तिला टोपलीचं झाकण स्वतः उघडावं लागलं असतं.

"मादीत जास्त आहे," नाना म्हणाले. "पाठीवर आहे, शेपटीशी विरतो. नराच्या गालाजवळ बघ, तिथंही उतरलाय." ते पेटी हळूहळू वळवत होते. आवाजात कौतुक नव्हतं, माफी तर नव्हतीच, निव्वळ काम होतं, आणि थोरलीला त्याहून गोड काही ऐकायचं नव्हतं. "जांभळा आहे. वडील म्हणायचे, असा रंग कधीतरी निघेल. मी म्हटलं, निघत नसतो. राहील."

थोरलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने ते लपवलं नाही.

"आता सरदार आण," नाना दादाला म्हणाले.

"नाना, राहू दे आज," ताई म्हणाली. मघाशी गरजणारी तीच, आता तिचा आवाज बसला होता.

"आण म्हणतो ना."

सरदार म्हणजे नानांचा लाडका नर, सायीच्या साऱ्या पिढ्यांचं टोक. तो पेटीत आला तोच छाती काढून. नानांनी आधी डावा डोळा झाकला आणि नव्याने पाहिलं. मग उजवा झाकून जुन्याने पाहिलं. पुन्हा नव्याने. आई उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"पांढरा," नाना म्हणाले. "साधा पांढरा. अशी पाखरं बाजारात टोपलीनं मिळतात." त्यांनी पेटी खाली ठेवली. "जाईल."

कोणीच पुढे झालं नाही. धाकटा पेटीला हात लावायला तयार नव्हता. बाहेर फाटक करकरलं. दुकानदार आला होता, नेहमीसारखाच वेळेच्या आधी. हा माणूस बाकी कुठे वेळेवर पोचत नसे, पण निवडीच्या दिवशी कधी चुकायचा नाही. ते का, हे थोरलीला आत्ता कळलं. करपलेली म्हणून मिळणारी साय फुकटात न्यायला कोण उशिरा येईल?

ती पुढे झाली. तिने पेटीचं दार उघडलं, सरदाराला सराईतपणे मुठीत घेतलं आणि त्याच्या छातीवर हलकी फुंकर मारली. पिसं दुभंगली. मुळाशी, कातडीलगत, एक पिवळट झाक होती. अगदी पुसट. पण रंग घोटणाऱ्या बाईला पुसटच दिसत असतं.

"राहील," ती म्हणाली.

नानांनी मान वर केली. "तुला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. पण याच्या पोटात साय आहे अजून. आणि याच्या करपलेल्या बहिणी बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे आहेत, वर्षानुवर्षांच्या. हे जाऊन सांगतील, आज काही मिळणार नाही, उलट चार माद्या परत हव्यात. त्यांच्याशी हा लावला तर दोन पिढ्यांत तुमची साय परत येईल. खरी."

"आणि नाही आली तर?"

"तर पुढच्या निवडीत मीच म्हणेन जाईल. तुमच्या तोंडावर म्हणेन."

नाना तिच्याकडे बघत राहिले. एक डोळा पिवळं दाखवणारा, एक निळं, अशा दोन्ही उघड्या डोळ्यांनी हे घर त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले. आईंनी आधाराला हात दिला, तो त्यांनी घेतला.

"बस," ते थोरलीला म्हणाले.

"मी?"

"मला अजून एक डोळा खोटाच आहे. त्याची पाळी येईपर्यंत काम थांबवणार आहेस का? बस म्हणतो ना."

दादाने चकित होऊन ताईकडे पाहिलं, ताईने मान हलवून त्याला फाटकाकडे पिटाळलं. थोरलीने सरदाराला परत पेटीत ठेवलं आणि ती खुर्चीत बसली. खुर्ची तिला उंच होती, पाय जेमतेम टेकले. खिडकीतला सारखा, थंड उजेड तिच्या हातांवर पडला. धाकटा सवयीने पेटी उचलायला वाकला, पण नानांनी त्याला बाजूला सारलं. ते स्वतः पेटी घेऊन जाळीघरात गेले, सरदाराला सोडून पुढचं पाखरू घेऊन आले आणि पेटी दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरून उभे राहिले.